नव्या लॅपटॉपवर जुनं डॉस

मी मुळातच भित्री. कुणी जरा मोठ्यानं हाक मारली तरी आपलंच काहीतरी चुकलं असणार असं मला वाटायचं. पन्नाशी आली तरी ते पुरतं गेलेलं नाही. अजूनही अनोळखी नंबरावरून फोन आला की आधी छातीत धस्स होतं. खरं तर धुळ्याला आमच्या घरी भिण्यासारखं काही नव्हतं. नाना एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, आवाज न चढवणारे. आई दिवसभर कामात. माझ्या धाकट्या बहिणीला, लताला, वर्षाची असताना गोवर निघाला आणि त्यात तिची दृष्टी गेली. गंमत अशी की तिला कशाचीच भीती वाटत नसे. ती जिन्यावरून धावत उतरायची, विहिरीच्या काठावर बसून पाय हलवायची, अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात घालायची, आणि मी मागे उभी राहून तिच्या वाट्याचंही भिऊन घ्यायचे. पुढे ती जळगावला अंध मुलींच्या निवासी शाळेत गेली, तेव्हा घरातला जिना एकदम शांत झाला. पण माझी भीती काही गेली नाही.

बी.कॉम. झाल्यावर मी जळगावला आले ते कॉम्प्युटरच्या क्लाससाठी, निदान सांगताना तसं सांगितलं. लता तेव्हा दहावीला होती आणि मला तिच्याजवळ राहायचं होतं, हे नानांनाही कळत होतं. मी नानांच्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, राहू लागले. अक्का एकटीच होती. रेल्वे लाइनीला लागून दोन खोल्या, मागे पत्र्याची मोरी आणि पुढे हातभर अंगण. मालगाडी गेली की फळीवरचे पितळी डबे एकमेकांना लागून वाजत आणि अक्का बोलणं अर्धवट थांबवून गाडी जाईपर्यंत वाट बघायची, मग नेमका तोच शब्द पकडून पुढे बोलायची. चाळीस वर्षं जळगावात काढूनही तिची अहिराणी जराही बदलली नव्हती. हिवाळ्यात ती अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर हिरवी वांगी भाजायची. साल करपल्याचा तो वास, लाकडी ठोंब्यानं वांगी ठेचल्याचा थपथप आवाज, वर मिरची-लसणाची फोडणी आणि बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. लता रविवारी घरी आली की पातेल्याशी बसून भरीत चाखायची आणि "अक्का, मीठ कमी शे," असं बिनधास्त सांगायची. मला मात्र मीठ कमी असलं तरी बोलवत नसे.

लताच्या शाळेत एक लांबट खोली होती, तिला ब्रेलची खोली म्हणत. तिथे कुणा संस्थेनं दिलेलं ब्रेल छापायचं यंत्र होतं. कॉम्प्युटरवर मजकूर टाईप केला की हे यंत्र जाड कागदावर ठिपके उठवायचं, आणि ते करताना असा खडखडाट व्हायचा की शेजारच्या वर्गात बाई शिकवणं थांबवायच्या. मुलींनी त्याचं नाव 'ठोक्या' ठेवलं होतं. ठोक्या चालू झाला की दोघी-तिघी येऊन टेबलावर तळहात ठेवून उभ्या राहायच्या. लाकडातून येणारी ती थरथर त्यांना आवडायची. या खोलीचा आणि सगळ्या वसतिगृहाचा कारभार वाणीबाईंकडे होता. पन्नाशीच्या, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, चालल्या की आधी किल्ल्या ऐकू येत आणि मग बाई दिसत. मुली त्यांना घाबरत नसत, मी घाबरायचे. क्लासमध्ये मला टाईप करायला येऊ लागलं तेव्हा बाईंनीच मला बोलावलं: "दुपारी दोन तास येत जा. दहावीची पुस्तकं बदलली आहेत आणि नवीन पुस्तकं ब्रेलमध्ये मिळत नाहीत. आपल्यालाच करावी लागणार." तेव्हापासून मी रोज दुपारी जाऊ लागले. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, की कॉम्प्युटरमधला ब्रेलचा प्रोग्रॅम त्याचे ठिपके करायचा. मराठी झालं, भूगोल झाला, इतिहास अर्ध्यावर आला. एक धडा संपला की तो फ्लॉपीवर उतरवायचा आणि फ्लॉपी बिस्किटाच्या डब्यात.

डिसेंबरात एका सकाळी विजेचा दाब एकदम वाढला आणि शाळेतला जुना कॉम्प्युटर जळाला. मी पोहोचले तेव्हा खोलीत जळक्या रबराचा वास भरला होता आणि वाणीबाई खुर्चीत नुसत्या बसून होत्या. त्यांना तसं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ठोक्या शाबूत होता, पण त्याला हुकूम देणारं कुणी उरलं नव्हतं. पंधरा दिवसांत, बाईंनी कुणाकुणाला पत्रं लिहिल्यावर, मूळचे अमळनेरचे पण परदेशात राहणारे एक डॉक्टर मदतीला आले आणि त्यांनी शाळेला एक लॅपटॉप पाठवला. कोरा, काळा, पाटीएवढा. त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, मुलींनी एकेकीनं त्याच्यावर हात फिरवला. लता म्हणाली, "एवढाच? मग यातलं सगळं कुठं बसतं?" डॉक्टर फेब्रुवारीत स्वतः येऊन मुलींना छापलेली पुस्तकं वाचताना बघणार होते, असंही पत्रात होतं. बाई रोज संध्याकाळी तो लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळून गोदरेजच्या कपाटात ठेवायच्या.

पण लॅपटॉपवर नवी विंडोज होती, आणि आमचा ब्रेलचा प्रोग्रॅम होता विंडोजच्या आधीच्या, जुन्या डॉससाठी लिहिलेला. चालू केला की एकच ओळ यायची: डॉसची आवृत्ती चुकीची आहे. विंडोज बंद करून नुसत्या काळ्या पडद्यावर गेलं तरी तेच. बनवणाऱ्याला पत्र टाकलं, उत्तर नाही. दरम्यान वेळ फुकट जायला नको म्हणून मी इतिहासाचे राहिलेले शेवटचे चार धडे लॅपटॉपवरच साध्या एडिटरमध्ये टाईप करून ठेवले. आता फक्त छापायचं बाकी होतं, आणि पूर्वपरीक्षा जवळ आली होती.

आमच्या क्लासचे बोरसे सर म्हणाले, "जुनं डॉसच टाक त्याच्यावर. तीन फ्लॉप्या आहेत, घेऊन जा. पण आधी आत जे असेल ते सगळं फ्लॉपीवर काढून ठेव." मी बाईंना सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुला येतं का नक्की?"

"हो बाई."

खरं तर मी ते दोनदा दुसऱ्यांना करताना पाहिलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं. 'येत नाही' म्हणायची भीती वाटली, म्हणून 'हो' म्हणाले. माझ्या आयुष्यातली बरीचशी 'हो' अशीच आलेली आहेत.

"कर मग. पण काही बिघडलं तर त्याच क्षणी मला सांगायचं," बाई म्हणाल्या.

रविवारी बाई मुक्ताईनगरला दर्शनाला जाणार होत्या. जाताना त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. लता माझ्याबरोबर थांबली. तिला ते सगळं ऐकायचं होतं. वसतिगृहातल्या बाकीच्या मुली अंगणात ऊन खात बसल्या होत्या, कुणीतरी कुणाचे केस विंचरत होतं, आणि खिडकीतून त्यांचं हसणं आत येत होतं. मी आधी चारही धडे एका फ्लॉपीवर उतरवले. क्लासमधून आणलेली, पुसून पुन्हा वापरलेली फ्लॉपी होती ती. उतरवून झाल्यावर यादी काढून बघितली. चारही नावं दिसली. नावं दिसली म्हणजे धडे आहेत, असं मी धरून चालले. एखादा उघडून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट आजही मला कधीकधी आठवतं, आंघोळ करताना, भाजी चिरताना, काही कारण नसताना.

डॉसची पहिली फ्लॉपी घातली. लॅपटॉपला वायरनं जोडलेल्या, फ्लॉपी वाचायच्या वेगळ्या डबीत ती गुरगुरली आणि निळा पडदा आला. लता म्हणाली, "वाच." तिचा नियम होता, पडद्यावर जे येईल ते जसंच्या तसं वाचायचं, गाळायचं नाही. मी वाचत गेले. लॅपटॉपच्या डिस्कवरचा विंडोजचा भाग डॉसला ओळखताच येत नव्हता, म्हणून तो आधी काढून टाकायला हवा होता. त्यासाठी दुसरा प्रोग्रॅम, त्यात यादी, यादीतून तिसरा पर्याय. मग लुकलुकणाऱ्या अक्षरांत एक ओळ आली: सावधान, या भागातली सगळी माहिती नष्ट होईल.

मी ती ओळ मोठ्यानं वाचलीच नाही.

"काय म्हणतोय?" लतानं विचारलं.

"पुढं जायचं का, असं विचारतोय."

"मग जा ना."

मी वाय दाबला. एंटर दाबलं. पुन्हा एकदा विचारलं, नक्की का. पुन्हा वाय. आणि मग काही झालंच नाही. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. नुसतं लिहून आलं की भाग काढला. एका क्षणापूर्वी त्यात विंडोज होती, चित्रं होती, माझे चार धडे होते, आणि आता तो लॅपटॉप आमच्या जळलेल्या कॉम्प्युटरइतकाच रिकामा होता. मी खुर्चीच्या दोन्ही बाजू घट्ट धरून बसले. डॉक्टर, बाई, टॉवेल, नारळ, सगळं डोळ्यांपुढून गेलं. लता तेवढ्यात शांतपणे म्हणाली, "तुझा श्वास मोठा येतोय. पाणी पी."

मशीन बंद करून चालू केलं, फ्लॉपी पुन्हा घातली. आता डिस्क ओळखली गेली. टक्के मोजत पट्टी पुढे सरकू लागली. एक, दोन, तीन. मी प्रत्येक आकडा मोठ्यानं सांगत होते. एकोणचाळीसवर ते थांबलं. किती वेळ थांबलं कुणास ठाऊक, मला तर तासभर वाटला. मग चाळीस. दुसरी फ्लॉपी, तिसरी फ्लॉपी, आणि शेवटी काळ्या पडद्यावर ते एकटं अक्षर आणि बाण, जे मी क्लासमध्ये रोज बघत होते. ब्रेलचा प्रोग्रॅम टाकला. या वेळी त्यानं कुरकुर केली नाही. मराठीचा पहिला धडा फ्लॉपीवरून उघडला, लॅपटॉप ठोक्याला जोडला, आणि ठोक्या खडखडला. अंगणातलं हसणं थांबलं आणि सगळ्या मुली धावत आल्या. टेबलाभोवती तळहातांची गर्दी झाली. लतानं निघालेला कागद ओढून घेतला, बोटं फिरवली आणि म्हणाली, "बरोबर शे!" ती खूश झाली की तिच्या तोंडून अशीच अहिराणी यायची.

मुली जेवायला गेल्या. मी इतिहासाची फ्लॉपी घातली. पहिला धडा उघडायला सांगितलं. डबीतून कर्र-कर्र आवाज आला, थांबला, पुन्हा आला. पडद्यावर: वाचता येत नाही. सोडून द्यायचं, पुन्हा बघायचं, की नापास धरायचं? मी पुन्हा दाबलं. कर्र-कर्र. पुन्हा. दुसरा धडा. तिसरा. चौथा. नावं होती, सगळी नावं व्यवस्थित होती, आत काही नव्हतं. आणि ज्या डिस्कवर ते होते ती मी अर्ध्या तासापूर्वी स्वतःच्या बोटानं पुसली होती.

"काय झालं?" लता दारातून म्हणाली. ती जेवायला गेलीच नव्हती.

"काही नाही. फ्लॉपी बघतेय."

"तोच आवाज चारदा आला."

"काही नाही म्हटलं ना!"

ती वळून निघून गेली. तिच्यावर मी असं कधीच ओरडले नव्हते.

बाई आल्या त्या दोन दिवसांनी, प्रसादाचे पेढे घेऊन. ठोक्या चालताना बघून त्यांनी मला जवळ घेतलं. त्यांच्या साडीला कापराचा वास येत होता. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आमच्या नंदानं करून दाखवलं. आता गुरुवारी इतिहासाचं पुस्तक मुलींच्या हातात." मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी हसले. कशी हसले मला माहीत नाही. त्याच क्षणी सांगायचं, असं ठरलं होतं, आणि मी तो क्षण टाळून दोन दिवस उलटून गेले होते. आता सांगायचं म्हणजे दोन गुन्हे सांगायचे. भीतीचं असंच असतं. ती उशिराला आणखी उशीर लावते.

ती फ्लॉपी मी क्लासमध्ये नेऊन पाच मशीनवर घालून बघितली. प्रत्येक ठिकाणी तेच कर्र-कर्र. बोरसे सरांनी फ्लॉपीची खिडकी सरकवून आत बघितलं, फुंकर मारली आणि म्हणाले, "वाचायची असती तर वाचली असती. पुन्हा टाईप कर." मग सहज म्हणून त्यांनी विचारलं की प्रोग्रॅमची अडचण नेमकी काय होती. मी सांगितल्यावर ते डोकं खाजवत म्हणाले, "अगं, त्याला डॉसचा खोटा नंबर सांगायची एक आज्ञा असते. एक ओळ लिहिली असती की झालं असतं. आधी बोलली असतीस तर." मी आधी बोलले होते, पण अडचण सांगितली नव्हती, फक्त 'चालत नाही' इतकंच सांगितलं होतं. इतकी वर्षं कॉम्प्युटरवर पोट भरल्यावर आज मला कळतं की जवळजवळ प्रत्येक बिघाडाच्या मुळाशी असं एखादं न सांगितलेलं वाक्य असतं. तेव्हा मात्र मी ती फ्लॉपी नेऊन गुपचूप पुन्हा बिस्किटाच्या डब्यात ठेवली.

मी चोरून पुन्हा टाईप करायला लागले. क्लासमध्ये, स्वतःच्या तासात. पुस्तक विकत आणलं. बुधवारपर्यंत एकच धडा झाला. त्या रात्री अक्कानं भरीत केलं होतं. मी भाकरीचे तुकडे करून ताटात फिरवत राहिले.

"काय व्हयनं व तुले? आजारी शे का?"

"नाही अक्का."

"मंग बठ्ठं भरीत तसंच का शे ताटमा?"

मालगाडी आली, डबे वाजले, आणि मला उत्तर द्यावं लागलं नाही.

गुरुवारी दुपारी मी शाळेत गेले तेव्हा ब्रेलच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आतून बाईंचा आवाज येत होता. "शेवटचे चार धडे कुठं आहेत? फ्लॉपी उघडत नाही." मी दाराबाहेरच थबकले. फटीतून दिसत होतं. बाई लॅपटॉपसमोर होत्या आणि लता टेबलापाशी उभी होती, हात मागे बांधून.

लता म्हणाली, "माझ्याकडून खराब झाली ती, बाई. रविवारी. ओला हात लागला."

लता मध्येच थांबली. तिनं मान किंचित दाराकडे वळवली. अंगणातल्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं, पण आवाज फुटला नाही.

मग लता पुढे म्हणाली, "मी कुणाला सांगितलं नाही."

आणि बाई बरसल्या. एवढ्या मोठ्या मुलीला अक्कल नाही, बारा मुलींचं पुस्तक, परीक्षा तोंडावर, डॉक्टरांना काय तोंड दाखवायचं. "आजपासून या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस. समजलं?" लता "हो" म्हणाली.

मी पळाले. दुसरा शब्द नाही त्याला. फाटकातून बाहेर, रस्त्यानं, रेल्वे लाइनीपर्यंत जवळजवळ धावत. लताला त्या खोलीतून काढलं होतं, जिथं ती रोज पहिला कागद वाचायची. आणि ती माझ्या चुकीसाठी बोलणी खात होती तेव्हा मी बाहेर उभी राहून ऐकत होते. घरात शिरले तर अक्का ज्वारी निवडत होती. मी तिच्यापुढे बसले आणि सगळं सांगून टाकलं. फ्लॉपी म्हणजे काय हे तिला कळलं नसेल, डॉस तर नाहीच. ती निवडायची थांबली.

"लता बोलनी, आनि तू उभी ऱ्हायनी?"

मी रडायला लागले.

"रडू नको. माले तुन्हा मशीनमधलं काही समजत नही. पन ती पोर आते तठे एकली शे." तिनं सूप बाजूला सारलं. "जाय. आतेच जाय."

मला वाटलं होतं ती येईल माझ्याबरोबर. ती आली नाही. दारात उभी राहून मी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.

बाई स्वयंपाकघरात होत्या, मुलींच्या संध्याकाळच्या खिचडीचे तांदूळ काढत. मी उंबऱ्याबाहेरूनच बोलायला लागले, थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. लतानं काही केलेलं नाही. फ्लॉपी मीच उतरवली, उघडून बघितली नाही. डिस्क मीच पुसली. मला ते काम येत नव्हतं, मी येतं म्हणून सांगितलं. रविवारीच कळलं होतं. आणि मघाशी ती तुमच्याशी बोलत होती तेव्हा मी दाराबाहेर होते.

बाईंच्या हातात तांदळाचं माप तसंच राहिलं. त्या चिडल्या, पण मोठ्यानं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. "चार दिवस," त्या म्हणाल्या. "चार दिवसांत चार धडे पुन्हा झाले असते, नंदा. मी स्वतः बसले असते तुझ्याबरोबर." मग किल्ल्यांसाठी कंबरेशी हात नेला, मला वाटलं आता कपाट कायमचं बंद. त्यांनी किल्ली काढली आणि म्हणाल्या, "तिला बोलाव. आणि पुस्तक आण. मी वाचते, तू टाईप कर."

लता मागच्या पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले.

"मी बाईंना सांगितलं," मी म्हणाले.

"बरं झालं."

"तू कशाला स्वतःवर घेतलंस?"

"तुला काढलं असतं तर टाईप कुणी केलं असतं? मला काढून कुणाचं काय अडत होतं?" तिनं हे हिशेब सांगावा तसं सांगितलं. मग तिनं गुडघ्यावर हनुवटी टेकली. "तू दारात होतीस ना?"

मी पाय जवळ ओढून घेतले.

"तुझी चप्पल कळते मला. म्हणून तर मी मध्येच थांबले होते. म्हटलं, आता बोलेल."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी कधीतरी तो विसरले असते.

त्या दिवसापासून आम्ही तिघी रोज बसू लागलो. बाई पुस्तक डोळ्यांजवळ धरून वाचायच्या, त्यांचा आवाज दुपार कलताना बसायचा, मग त्या तोंडात लवंग धरायच्या. मी टाईप करायचे. प्रत्येक पान झालं की दोन फ्लॉप्यांवर उतरवायचं आणि दोन्ही उघडून बघायच्या, असा बाईंचा हुकूम होता. लता ठोक्यापाशी उभी राहून निघणारा कागद तिथल्या तिथे वाचायची आणि चूक सापडली की टेबलावर टिचकी मारायची. पहिल्या दिवशी सतरा टिचक्या झाल्या. चौथ्या दिवशी शेवटचा धडा संपला. बाराही मुलींची पुस्तकं बाईंनी सुईदोऱ्यानं शिवली, आणि पूर्वपरीक्षेला पाच दिवस उरले होते. डॉक्टर फेब्रुवारीत आले, त्यांनी लॅपटॉपचा काळा पडदा बघून विचारलं, "विंडोज कुठं गेली?" मी तोंड उघडणार इतक्यात बाई म्हणाल्या, "ती आम्ही काढून टाकली. आमच्या उपयोगाची नव्हती." डॉक्टर हसले आणि एका मुलीजवळ जाऊन बसले, ती वाचत होती ते ऐकत.

लता दहावी झाली, पुढे धुळ्याला बी.ए., बी.एड. करून त्याच शाळेत इतिहास शिकवायला लागली. मी क्लासमध्येच शिकवू लागले, मग स्वतःचं दुकान टाकलं, लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करते. त्या दुपारबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. एकदाच, तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, मी तिच्या हातावर मेंदी काढत होते, आणि मी म्हणाले, "लता, त्या दिवशी मी खरंच बोलायला तोंड उघडलं होतं."

ती म्हणाली, "मला ऐकू आलं नाही ना पण." आणि दुसरा हात पुढे केला.